रंग वाळला होता

हे मी सुनंदाला सांगितलेलं नाही. सुनंदा माझी बायको. तिला मी सगळं सांगतो—कारखान्यातली भांडणं, पोटाच्या तक्रारी, पडलेली स्वप्नं. ती ऐकत नसली तरी सांगतो. हे मात्र नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या सकाळी अंगणात दात घासताना तुम्ही मला दिसणार नाही. एवढंच कारण आहे. दुसरं शोधू नका.

गोष्ट गाडीच्या रंगाची आहे. हसलात? हसा. मीसुद्धा बरीच वर्षं स्वतःला तसंच सांगत आलो—गाडीच्या रंगाची तर गोष्ट, तिचं काय एवढं? पण मागच्या महिन्यात शेजारच्या शाहीनभाभी घरी आल्या, खुर्चीवर टेकल्या, थोडंसं बोलल्या आणि गेल्या. तेव्हापासून मी हादरलोय. याला दुसरा शब्द नाही. घास हातात राहतो. सुनंदा विचारते, काय होतंय? मी म्हणतो, ॲसिडिटी.

आम्ही उस्मानपुऱ्यात राहतो. दोन घरं, मधे एक भिंत आणि पुढं दोघांचं मिळून एक अंगण. एका घरात आम्ही, दुसऱ्यात सलीमभाई आणि शाहीनभाभी. सलीमभाईंचा स्वतःचा ट्रक आहे, महिन्यातले निम्मे दिवस ते रस्त्यावर. अंगणात कपडे वाळत घालायची तार एकच. अर्ध्या तारेवर त्यांचे कपडे, अर्ध्या तारेवर आमचे. इतक्या वर्षांत तारेवरून भांडण झालं नाही. सुनंदा म्हणते, एवढ्यावरनं ओळखा माणसं कशी आहेत ती.

भाभींचं माहेर खुलताबाद. त्यांचे वडील—आम्हीही त्यांना अब्बाच म्हणायचो—सीताफळांच्या दिवसांत टोपली घेऊन यायचे. अंगणातच उकिडवे बसायचे आणि फळांचे दोन वाटे करायचे. एक लेकीचा, एक आमचा. वाटे करताना पिकलेली फळं मुद्दाम आमच्याकडं सरकवायचे आणि कच्ची लेकीकडं. लेकीनं विचारलं तर म्हणायचे, तू घरची हायेस, तू थांबशील. हे मला आठवतं. हे आठवलं की पुढचं सांगणं अवघड जातं, पण सांगतो.

मी वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायला होतो. दुसऱ्यानं बनवलेली वस्तू हातात घ्यायची, मापायची आणि नापास करायची—जन्मभर हेच केलं. त्यामुळं स्वभावही तसाच झाला. सुनंदा सगळ्यांना सांगते, हे मला बघायला आले तेव्हा पोहे खायला आलेत की माल तपासायला, तेच कळेना. तेव्हा गाडी रंगवायची वेळ आली, तर ती मी गॅरेजवाल्याकडं देणं शक्य नव्हतं. तो काम करणार, मी खोट काढणार, तो पाना फेकून देणार. म्हटलं, आपला हात जगन्नाथ. घरीच रंगवू.

गाडी जुनी, छोटी, पांढरी. दारांच्या कडा गंजलेल्या. मी सुट्ट्यांच्या दिवशी घासायला घेतली. पॉलिश पेपर, लांबी, प्रायमर—सगळं शिकलो. पण रंगकामात हात चालवणं सोपं असतं, हात आवरणं अवघड. एक कोट मारला की थांबावं लागतं. पहिल्या खेपेला मी थांबलो नाही. वरून वाळल्यासारखा दिसला की मार पुढचा कोट, असं करत टप रंगवला. दुसऱ्या दिवशी टपाला सुरकुत्या, दुधाच्या सायीसारख्या. सगळं खरवडून काढलं. सुनंदा दारातून म्हणाली, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग.

मग मात्र मी शिकलो. रंग वरून आधी वाळतो, आत ओला राहतो. म्हणून दाराच्या आतल्या कडेला, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, तिथं अंगठा दाबून बघायचा. ठसा उठला तर थांबायचं. अंगठा चिकटला तर थांबायचं. अंगठा कोरडा सुटला आणि थिनरचा वास गेला, की समजायचं, आता वेळ झाली. पण मग आणखी रेंगाळायचंही नाही. फार दिवस गेले, धूळ बसली, की वरचा थर नीट धरत नाही; पुन्हा घासा, पुन्हा पुसा, पुन्हा एक हात मारा. दोन कोटांच्या मधे अशी एक वेळ असते. आधी नाही, नंतर नाही. त्या वेळेचा मला नाद लागला होता. खरंच सांगतो, बायकोच्या वाढदिवसावर मी कधी एवढं लक्ष ठेवलं नाही.

आता त्या दिवसाची गोष्ट. आधी ती गल्लीला माहीत आहे तशी सांगतो, कारण गल्लीला ती शाहीनभाभींनीच सांगितलेली आहे. कुणाचं मातीचं निघालं, कुणी गेल्याची खबर आली, की त्या सांगतात. मी तिथं असलो तरी सांगतात—मी असलो तर जास्तच.

दिवाळीनंतरचा रविवार होता. सुनंदा बहिणीकडं अजिंठ्याला गेलेली. सलीमभाई ट्रक घेऊन नांदेडकडं. सकाळी भाभींना खुलताबादहून फोन आला—अब्बा गेले. फजरची, पहाटेची नमाज पढून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दुपारच्या नमाजनंतर मिट्टी. भाभी तशाच अंगणात आल्या. भाऊ, म्हणजे मी, गाडीला रंग देत होते. नेमका रंग ओला. गाडी हलवता येईना. भाऊंनी धावत जाऊन, एवढ्या लांब यायला कुणी तयार होईना म्हणून तासाभरानं का होईना, नाक्यावरून रिक्षा आणून दिली. पण रविवार, वेरूळ बघायला जाणाऱ्यांची गर्दी. दौलताबादच्या वेशीत, जिथं एका वेळी एकच गाडी निघते, तिथं रिक्षा अडकली. पुढं घाटात रिक्षा चढेना. भाभी पोचल्या तेव्हा जनाजा घरून निघून गेला होता. अब्बांचं तोंड दिसलं नाही.

एवढी गोष्ट. आणि शेवटी त्या म्हणतात, "भाऊचा जीव कसा कासावीस झालता त्या दिवशी. पण ओल्या रंगाला कोण काय करणार? नशीब म्हनायचं." मग सगळे माझ्याकडं बघतात. मी मान हलवतो. किती वेळा हलवली असेल? बायका पदर डोळ्यांना लावतात आणि मी मान हलवतो.

रंग वाळला होता.

लिहिलं एकदाचं. वाळला होता. नुसता वाळला नव्हता, ज्या वेळेची मी वाट बघत होतो ती वेळ झाली होती. चारही दारांच्या आतल्या कडांना मी त्या सकाळी अंगठा दाबून पाहिला होता. अंगठा कोरडा. नाक लावून वास घेतला होता. वास गेलेला. आदल्या दुपारी मारलेला मरून रंग रात्रभरात चोख बसला होता आणि आता वरून फक्त चकाकीचा शेवटचा कोट, लॅकर, तेवढा राहिला होता. वारा पडलेला. धूळ उठू नये म्हणून अंगणात सडा मारून झाला होता. मागून आणलेला कॉम्प्रेसर दारात उभा. रंगवणाऱ्याला आयुष्यात एखादी अशी सकाळ मिळते. आणि त्या सकाळी भाभी अंगणात आल्या, पायात चप्पल नाही, आणि म्हणाल्या, "भाऊ, अब्बा गेले. जोहरनंतर मिट्टी हाय. गाडी निघंल का हो?"

मी म्हणालो, "भाभी, रंग ओला आहे."

मला आजही कळत नाही ते कुठून आलं. विचार करून खोटं बोललो असतो तर निदान म्हणता आलं असतं की बुवा, मनात झगडा झाला. झगडा नाही झाला. त्यांचं वाक्य संपायच्या आत माझं तयार होतं. तोंड माझं, जीभ माझी, आणि मीच बाजूला उभा राहून ऐकत होतो—हे कोण बोललं? त्या माणसाला मी तोपर्यंत ओळखत नव्हतो. म्हणजे मी स्वतःला कंजूष म्हणून ओळखत होतो, खोडीदार म्हणून ओळखत होतो, पण हा?

काय गेलं असतं माझं? हिशेब सोपा आहे. खुलताबादचा रस्ता तासाभराचासुद्धा नाही. तेव्हाच निघालो असतो तर दौलताबादची वेस मोकळी मिळाली असती. गाडीला धूळ लागली असती, घाटात चार चिलटं चिकटली असती. आल्यावर गाडी पुन्हा पाण्यानं घासायची, पुसायची, एक हात रंगाचा पुन्हा मारायचा आणि पुढच्या रविवारी लॅकर. एक रविवार गेला असता. एका बाईला बापाचं तोंड दिसलं असतं आणि माझा एक रविवार गेला असता.

आणि त्या काय म्हणाल्या माहीत आहे? "व्हय का. मग राहू द्या, राहू द्या. खराब हुईल." माझीच समजूत काढल्यासारखं. त्यांनी गाडीला बोट लावून पाहिलं नाही. शेजारी उभ्या होत्या, हात लांब केला असता तर कळलं असतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण त्यांनी हात लांब केला नाही, उलट दोन पावलं मागं सरकल्या. आणि मग—हे गोष्टीत येत नाही, हे त्यांना आठवतही नसेल—त्या तारेकडं गेल्या. तारेवर त्यांच्या धुतलेल्या चादरी होत्या. एक चादर गाडीच्या बाजूला लोंबत होती. बाप मेलेला, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि त्या चादरी काढायला लागल्या. वारा सुटला तर ओल्या रंगाला चिकटतील म्हणून. सगळ्या काढल्या, खांद्यावर टाकल्या, आत नेऊन ठेवल्या. मी बघत होतो. मला वाटतं त्या क्षणी जमीन फाटायला हवी होती. फाटली नाही. मी म्हणालो, थांबा, मी रिक्षा आणतो. आणि धावलो. खरंच धावलो. धावण्यात खोट नव्हती.

तुम्ही मनात एक प्रश्न विचारत असाल. मला तो दिसतो. ती मुसलमान म्हणून का? नाही. छे. वीस वर्षांचं शेजारपण, अब्बांच्या हातची सीताफळं खाल्लेली—नाही, तसं काही नव्हतं. असं मी स्वतःला ठणकावून सांगत आलो. पण मग दुसरा प्रश्न येतो, तो मीच विचारतो. सख्खी बहीण असती तर? ती अशी अनवाणी येऊन म्हणाली असती, दादा, आबा गेले—तर मी अंगठ्यानं रंग तपासत बसलो असतो का? किल्ली शोधायलासुद्धा थांबलो नसतो. बहिणीसाठी ओल्या गाडीत बसलो असतो. मग याला काय म्हणायचं? मला नाव माहीत नाही. जे काही आहे ते माझ्यात होतं आणि मला ते त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं.

आणखी एक आहे. हे सबब म्हणून सांगत नाही, नीट ऐका. रिक्षा गेल्यावर मी स्वतःला म्हणालो, उशीर झाला तरी काय, लेक आल्याशिवाय कोण उचलतंय? आमच्यात तसंच असतं. लेक वाटेत आहे म्हटलं की सगळं गाव थांबतं. तिरडी बांधून तयार, पण लेक येऊन रडेपर्यंत कुणी खांदा देत नाही. नाहीच जमलं तर विसाव्याला प्रेत टेकवतात, तिथं तोंड दाखवतात. हे मी गृहीत धरलं. त्यांच्यात मय्यत ताटकळत ठेवू नये म्हणतात, नमाजची वेळ गाठायची असते, आणि बायका कब्रस्तानात जात नाहीत—एकदा घरातून जनाजा निघाला की लेकीला पुन्हा काही दिसत नाही. भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं राहिलो. ईदचा शीरखुर्मा दर वर्षी वाटी चाटून खाल्ला. आणि हे मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

आता सगळ्यात वाईट सांगतो. तुम्हाला वाटलं असेल, खोटं बोलला हेच वाईट. नाही.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी अंगणात परत आलो. गाडीजवळ उभा राहिलो. मला पश्चात्ताप झाला असेल, असं तुम्ही धरून चालला असाल. मीही बरीच वर्षं असंच आठवत होतो—की मी डोकं धरून पायरीवर बसलो. नव्हतो बसलो. मी पुन्हा एकदा दाराच्या कडेला अंगठा दाबून पाहिला, वेळ टळली तर नाही ना म्हणून. टळली नव्हती. मी लॅकर कालवलं, तोंडाला फडकं बांधलं आणि कॉम्प्रेसर चालू केला. आणि मला आनंद झाला. हो. हात असा चालत होता की जणू मी नव्हेच. एक ओघळ नाही, एक थेंब नाही. टप, बॉनेट, दारं—मरून रंग आतून पेटल्यासारखा वर येत होता. मी गुणगुणत होतो. फडक्याच्या आत मी गुणगुणत होतो, आणि शाहीनभाभी मला आठवत नव्हत्या. अब्बा आठवत नव्हते. तिकडं खुलताबादला त्यांना नाहू घालत असतील, कफन बांधत असतील, भाभी दौलताबादच्या वेशीत रिक्षातून खाली उतरून पुढच्या बसवाल्याला हात जोडत असतील. मला काही आठवत नव्हतं. त्या दिवसातला तेवढा वेळ मी इतका सुखात होतो की तसा त्यानंतर कधी नव्हतो. हे मला लिहितानासुद्धा खरं वाटत नाही, पण खरं आहे.

संध्याकाळी त्या भावाबरोबर परत आल्या. डोळे सुजलेले. मी पुढं झालो. त्या म्हणाल्या, "तोंड नाय दिसलं, भाऊ. दारात पोचले तर जनाजा गल्लीच्या पार गेलता. मागं धावले, तर बायांनी धरलं." आणि मग त्यांचं लक्ष गाडीकडं गेलं. दिव्यात गाडी लकलकत होती. त्या म्हणाल्या, "चांगली झाली. धूळ नाय ना बसली?"

मी म्हणालो, नाही.

तिसऱ्या दिवशी झियारतीला, मेलेल्यासाठी दुआ मागतात त्याला, मी खुलताबादला गेलो. बसनं. गाडी नेता येत नव्हती—आता खरंच ओली होती, लॅकर आतून कच्चं होतं. देव असला तर त्याला विनोद कळतो एवढं नक्की. अब्बांच्या घरी मला मानानं बसवलं. भाभींनी भावजयांना सांगितलं, हे आमचे भाऊ, यांनीच रिक्षा आणून दिली. मला सरबत दिलं. मी प्यालो.

गाडीचं कौतुक पुष्कळ झालं. कारखान्यातले लोक बघायला आले. गॅरेजवाला येऊन दारावरून बोट फिरवून गेला आणि म्हणाला, घरी केलंय असं वाटत नाही. मी प्रत्येकाला सांगायचो, काही नाही, फक्त थांबता यायला पाहिजे. दोन कोटांच्या मधे थांबता आलं की झालं. हे वाक्य मी किती ऐटीत म्हणायचो. भाभी अंगणात असल्या तरी म्हणायचो.

भाभी मात्र त्या गाडीला कधी शिवल्या नाहीत. हे मला खूप उशिरा कळलं. अंगण अरुंद, गाडी मधेच. गाडीला घासल्याशिवाय तारेपर्यंत जाता येत नाही. सुनंदा खुशाल घासून जाते, वर बादलीही टेकवते. भाभी ओढणी गोळा करतात, अंग चोरतात आणि तिरप्या होऊन जातात. आम्ही त्यांना कितीदा कुठं कुठं सोडलं—बाजारात, दवाखान्यात—दार मीच उघडायचो, मीच लावायचो. मला वाटायचं, शिस्त आहे त्यांना.

यंदा दोघांचं हजला जायचं ठरलं. सलीमभाईंनी आयुष्यभर ट्रक हाकला तो यासाठीच. त्यांच्यात हजला निघण्याआधी ओळखीच्या सगळ्यांकडं जाऊन माफी मागायची रीत आहे—काही बोललो असलो, काही ऐकवलं असेल, तर माफ करा. मन साफ करून जायचं. तर मागच्या महिन्यात एका दुपारी भाभी आमच्याकडं आल्या. सुनंदा चहा टाकायला आत गेली. भाभी खुर्चीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "कहासुना माफ करो, भाऊ." मी म्हणालो, अहो भाभी, तुम्ही कसली माफी मागता? त्या उठल्या नाहीत. हातातला रुमाल चोळत राहिल्या.

"एक गोष्ट हाय," त्या म्हणाल्या. "लई वर्षं झाली. सांगायची हिंमत नाय झाली."

मला वाटलं, कळलं. यांना कळलंय, आणि त्या आता ते माझ्या पदरात घालणार. सुनंदा येतेय का, म्हणून मी आतल्या दाराकडं पाहिलं. आणि खरं सांगतो, आत कुठंतरी बरंही वाटलं—सुटलो एकदाचा.

"अब्बा गेले त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "रिक्षात बसायला धावले तवा माझा बुरखा तुमच्या गाडीला घासला. मागच्या दाराला. तुम्ही सांगितलं होतं ओला हाय, तरी घासला. रिक्षात सगळा रस्ता मी बुरखा उलटापालटा करून बघत होते, कुठं रंग लागलाय का. नाय लागला. मग वाटलं, बुरख्याला नाय लागला म्हंजे गाडीवरच डाग पडला असंल. तुम्ही किती जीव लावून केलतं. आल्यावर सांगावं म्हनलं, नाय सांगितलं. तवापासून मनात हाय. माफ करा, भाऊ."

तुम्हाला कळतंय का काय झालं ते? बुरखा कोरडा निघाला. रंग वाळला होता याचा पुरावा त्यांच्या हातात होता, सगळा रस्ता हातात होता. बापाच्या मातीला जाताना ती बाई वेशीतल्या गर्दीत कापड उलगडून बघत होती, आणि कापड सांगत होतं की शेजारचा माणूस खोटं बोलला. तिनं कापडावर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला. मी ओला म्हणालो म्हणजे ओलाच. आणि मग इतकी वर्षं ती माझी गुन्हेगार म्हणून त्या अंगणातून अंग चोरून चालत राहिली.

सुनंदा आतून हसून म्हणाली, अहो भाभी, त्या डबड्याला काय होतंय?

सांगायची वेळ होती. याहून चांगली वेळ कुणाला मिळत नाही. वेळेचा जाणकार मी—आधी नाही, नंतर नाही, हे जगाला सांगत फिरणारा. तोंड उघडलं. आणि पुन्हा तेच झालं, त्या सकाळी झालं होतं तेच. वाक्य तयार होतं.

मी म्हणालो, "माफ केलं, भाभी."

त्या रडल्या. रुमालानं डोळे पुसले. म्हणाल्या, तिथं जाऊन तुमच्यासाठी दुआ मागीन. चहा घेतला. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. पायरी उतरून त्या गाडीजवळ थांबल्या. ओढणी गोळा केली नाही. हात पुढं केला आणि मागच्या दारावर तळवा टेकवला, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"पक्का बसलाय रंग," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, हो.

त्या आता तिकडं हजला आहेत. जाताना त्यांचं मन हलकं होतं. मी त्यांना माफ केलं होतं.